एक एप्रिलचे आरएफसी: कबुतरं, किटली आणि इंटरनेटचे नियम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी त्याच नियमांच्या मालिकेत काही अस्सल विनोद लिहून ठेवले आहेत. दर वर्षी मार्चअखेर तंत्रज्ञानाच्या बातम्यांत त्यांची आठवण निघते, दोन ओळी छापून येतात आणि विषय तिथेच संपतो. ही कागदपत्रं त्याहून कितीतरी जास्त लक्ष देऊन वाचण्यासारखी आहेत. मी नेटवर्किंग शिकवतो. विद्यार्थी, सहकारी आणि अधूनमधून विद्यार्थ्यांचे पालकही याबद्दल जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

आरएफसी म्हणजे काय?

इंटरनेटवरचे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलणार, याचे नियम ज्या क्रमांकित कागदपत्रांमध्ये लिहिलेले असतात ती कागदपत्रं. पहिला आरएफसी ७ एप्रिल १९६९ चा. तो लिहिणारे स्टीव्ह क्रॉकर तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होते. आपण विद्यार्थी नियम सांगायला लागलो तर वरिष्ठ दुखावतील, या धास्तीने त्यांनी मालिकेला ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ (आरएफसी), म्हणजे ‘यावर मतं कळवा’ अशा अर्थाचं नरम नाव दिलं. ते नाव पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे आणि मालिका नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. इंटरनेटवर डेटा ज्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो, त्यांचा आयपी (इंटरनेट प्रोटोकॉल) हा आराखडा मांडणारा १९८१ चा आरएफसी ७९१ याच मालिकेतला.

मग ‘एक एप्रिलचे आरएफसी’ कोणते?

याच मालिकेत, याच साच्यात, याच क्रमाने छापलेले, पण १ एप्रिल ही तारीख असलेले आणि विषय पूर्णपणे अफलातून असलेले. १९८९ पासून बहुतेक दर वर्षी असा एखादा तरी निघतो. भाषा कोरी तांत्रिक. प्रस्तावना, पॅकेटची रचना, सुरक्षेचा विचार, लेखकाचा पत्ता, सगळं जागच्या जागी. लेखक कुठेही डोळा मारत नाही आणि म्हणूनच हसू येतं.

हे अधिकृत आहेत का?

प्रकाशन अधिकृत आहे, मानक नाही. प्रत्येक आरएफसीवर त्याचा दर्जा लिहिलेला असतो: मानक, प्रायोगिक, माहितीपर वगैरे. एक एप्रिलचे लेख प्रायोगिक किंवा माहितीपर गटात जातात. आरएफसीचा नंबर आहे म्हणजे ते मानक आहे, हा समज इतका पसरला होता की १९९५ मध्ये ‘सगळे आरएफसी मानक नसतात’ एवढंच सांगायला एक स्वतंत्र आरएफसी काढावा लागला, क्रमांक १७९६. तो मात्र विनोद नव्हता.

पहिला विनोदी आरएफसी कोणता?

१९७३ मध्ये आरएफसी ५२७ म्हणून एक विडंबन कविता छापली गेली होती. पण एक एप्रिलची तारीख घालून आलेला पहिला म्हणजे १९७८ चा आरएफसी ७४८. लेखक मार्क क्रिस्पिन; पुढे आयमॅप ही मेल वाचायची पद्धत याच माणसाने तयार केली.

त्या काळी दूरच्या कॉम्प्युटरवर काम करायला टेलनेट वापरत. क्रिस्पिन लिहितात की अनेक यंत्रं अचानक बंद पडणे, डेटा हरवणे, प्रोग्रॅम चुकणे अशा ‘सेवा’ पुरवतात. या सेवांची कुठे नोंद नसते आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. तेव्हा त्या बंद करता येतील अशी सोय हवी. त्यासाठी ते टेलनेटला एक नवा पर्याय देतात. त्या पर्यायाचा क्रमांक आहे २५६. टेलनेटमध्ये पर्यायाचा क्रमांक एका बाइटमध्ये बसवावा लागतो आणि बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. म्हणजे बंद पडणं थांबवणारी ही सोय कधीच सुरू करता येणार नाही! लेखात याबद्दल चकार शब्द नाही. ज्याला बाइट कळतो त्याला विनोद सापडतो. या परंपरेची ही रीत मला सगळ्यात जास्त आवडते.

कबुतरांवरून इंटरनेट चालवायचा नियम खरंच आहे?

आहे. आरएफसी ११४९, १ एप्रिल १९९०, लेखक डेव्हिड वेट्झमन. अवघा दोन पानांचा आहे, तेव्हा आजच वाचून टाका.

पद्धत अशी: पॅकेट हेक्साडेसिमल (सोळा चिन्हांच्या) अंकपद्धतीत कागदाच्या छोट्या गुंडाळीवर छापायचं, गुंडाळी कबुतराच्या एका पायाभोवती गुंडाळायची आणि कडा चिकटपट्टीने पक्क्या करायच्या. पलीकडे पोचल्यावर पट्टी काढायची आणि कागद स्कॅन करायचा. बँडविड्थ पायाच्या लांबीएवढी मर्यादित. एका वेळी जास्तीत जास्त केवढं पॅकेट जाऊ शकतं या मर्यादेला एमटीयू म्हणतात. साध्या इथरनेटवर ती १५०० बाइट असते. इथे ती वजनात दिली आहे, २५६ मिलिग्रॅम. शिवाय पक्ष्याचं वय वाढेल तसा एमटीयूही साधारण वाढतो, अशी नोंद आहे.

पुढची प्रत्येक ओळ नेटवर्किंगच्या पुस्तकातल्या एकेका कलमाला धरून आहे. वाहकांची एकमेकांशी टक्कर होते का? नाही, टक्कर टाळायची यंत्रणा त्यांच्यात उपजतच असते आणि वावरायला तिन्ही मिती मोकळ्या असतात; फक्त वसंताच्या सुरुवातीला थोडा व्यत्यय येतो. वर्म आला तर? संगणकातला वर्म आणि मातीतला किडा यांना इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे, तो शोधून नष्ट करायची सोय अंगभूतच आहे. कोण कुठून गेलं याच्या नोंदी राहतात का? राहतात, केबल ठेवायच्या ट्रेवर आपोआप पडलेल्या सापडतात. वादळात डेटा हरवू शकतो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं आहे.

१९९९ मध्ये वेट्झमन यांनीच आरएफसी २५४९ लिहून यात सेवेचे दर्जे आणले, विमानाच्या तिकिटासारखे. त्यात अवजड मालासाठी शहामृगाचा पर्याय आहे: क्षमता मोठी, वेग कमी, आणि मधे पूल लागतात. (दोन नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रालाही ब्रिजच म्हणतात.) ससाण्याने कबूतर खाल्लं तर त्याला ‘अनपेक्षित एन्कॅप्स्युलेशन’ म्हटलं आहे आणि त्यातून पॅकेट परत काढणं फार किळसवाणं असतं, असा इशाराही दिला आहे. एका पॅकेटच्या पोटात दुसरं पॅकेट घालणं म्हणजे एन्कॅप्स्युलेशन. ही व्याख्या विसरलेला विद्यार्थी ससाण्याचं उदाहरण ऐकल्यावर ती पुन्हा विसरत नाही.

२०११ च्या आरएफसी ६२१४ ने कबुतरांना आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) शिकवलं. त्याच्या दोन लेखकांपैकी बॉब हिंडेन हे खुद्द आयपीव्ही६ च्या मूळ मानकाचे सहलेखक. मूळ नियम ज्याने लिहिला, त्यानेच त्यावरचा विनोदही लिहिला. आपल्याकडे कायदा करणाऱ्याने कायद्यावर असा निखळ विनोद लिहून राजपत्रात छापल्याचं उदाहरण मला आठवत नाही.

कुणी प्रत्यक्षात करून पाहिलं का?

हो. २८ एप्रिल २००१, नॉर्वेतलं बर्गन शहर. तिथल्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने कबूतर पाळणाऱ्या क्लबची मदत घेतली आणि साधारण ५ किलोमीटर अंतरावर आयपी पॅकेटं पाठवली. वापरलेला आदेश तोच, जो आपल्याकडे नेट चालू आहे का ते बघायला रोज वापरला जातो: पिंग. दर ९०० सेकंदांनी एक, अशी ९ पॅकेटं.

निकालाचा आकडा त्यांनी जसाच्या तसा प्रसिद्ध केला. ९ पॅकेटं गेली, ४ उत्तरं आली, ५५ टक्के गळती. सगळ्यात जलद उत्तर सुमारे ३,२१२ सेकंदांत, सगळ्यात उशिराचं सुमारे ६,३८९ सेकंदांत, सरासरी ५,२२३ सेकंद. म्हणजे एका पिंगला सरासरी ८७ मिनिटं.

मी हा निकाल फळ्यावर लिहितो आणि वर्गाला एकच प्रश्न विचारतो: या जोडणीवर बँकेची वेबसाइट उघडायची असेल तर पहिला बाइट दिसायला किती वेळ लागेल? मग मुलं हिशोबाला लागतात. टीसीपीची, म्हणजे पॅकेटं नीट पोचली का ते बघणाऱ्या प्रोटोकॉलची, ओळखपाळख व्हायला एक फेरी. त्यावर टीएलएस १.३ ची सुरक्षित जोडणी व्हायला आणखी एक. मग पान मागायचं आणि ते यायला सुरुवात व्हायची, तिसरी फेरी. तीन गुणिले ८७ मिनिटं, म्हणजे चार तास एकवीस मिनिटं. तीही एकही कबूतर वाटेत भटकलं नाही तर, आणि पत्ता शोधायची डीएनएसची फेरी धरलेलीच नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘पण सर, टीसीपी एवढा वेळ थांबेल का?’ हाच प्रश्न यावा म्हणून हा सगळा खटाटोप असतो. टीसीपी थांबत नाही. उत्तर एका सेकंदात आलं नाही की ते पॅकेट पुन्हा पाठवतं, मग दोन सेकंदांनी, मग चार. लिनक्स ठरलेल्या मांडणीप्रमाणे सुमारे दोन मिनिटांत नाद सोडतं. पहिलं कबूतर अजून गल्लीच्या टोकालाही पोचलेलं नसतं आणि इकडे त्याच्या मागे सहा कबुतरं उडवून झालेली असतात. टाइमआउट, पुन्हा पाठवणं, आणि पुन्हा पाठवण्यातलं अंतर दुप्पट करत नेणं, या तिन्ही गोष्टी इथे एका चित्रात डोळ्यांसमोर उभ्या राहतात.

कबूतर ब्रॉडबँडपेक्षा वेगवान असू शकतं का?

असू शकतं, आणि तसं घडलंही आहे. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ एका आयटी कंपनीने आपल्या मंद इंटरनेटचा निषेध म्हणून शर्यत लावली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधलं आणि तोच डेटा एडीएसएलवरूनही (टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडवरून) पाठवायला घेतला. विन्स्टनने साधारण १०० किलोमीटर अंतर १ तास ८ मिनिटांत कापलं. कार्डावरून डेटा उतरवून घेण्यासह सगळं दोन तास सात मिनिटांत उरकलं. तेवढ्या वेळात तारेवरून चार टक्के डेटा पोचला होता.

गणित करून बघा. ४ जीबी म्हणजे ३२ अब्ज बिट, भागिले ७,६२० सेकंद: सेकंदाला ४२ लाख बिट, म्हणजे सव्वाचार एमबीपीएसच्या जवळपास. २००९ साली आपल्याकडच्या कित्येक घरांत याहून कमी वेग होता.

आता आजचं कार्ड घ्या. मायक्रोएसडी कार्डाचं वजन साधारण पाव ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅम. वेट्झमन यांनी १९९० मध्ये दिलेला एमटीयू २५६ मिलिग्रॅम. चपखल बसतं! असं १ टीबीचं कार्ड घेऊन विन्स्टन तेवढ्याच वेळात पोचला, तर फक्त उड्डाणाचा वेग सेकंदाला जवळजवळ २ गिगाबिट निघतो. पिंग मात्र तेव्हाही तासाच्या वरच. एका वेळी किती माल जातो आणि पहिला दाणा कधी पोचतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फास्ट नेट’ विकणाऱ्या जाहिराती फक्त पहिलीबद्दल बोलतात. व्हिडिओ कॉल अडखळतो तो बहुतेक वेळा दुसरीमुळे.

विज्ञानातही हेच चालतं. कृष्णविवराचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं पहिलं छायाचित्र ज्या दुर्बिणींनी मिळवलं, त्यांचा डेटा इतका प्रचंड होता की तो हार्ड डिस्कवर भरून विमानाने न्यावा लागला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत पडून होत्या.

भारतात असं काही झालं आहे का?

भारतात तर ही सरकारी सेवाच होती. ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये कबुतरांची टपाल सेवा सुरू केली आणि ती या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. दुर्गम ठाणी, पूर, निवडणुका, सगळीकडे तिचा उपयोग झाला. १९४८ मध्ये पंडित नेहरू संबलपूरला असताना त्यांनी कटकला पाठवलेला निरोप पोलिसांच्या कबुतरानेच पोचवला होता. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या, मनोरे पडले, तेव्हाही किनारपट्टीवर ही कबुतरं कामाला आली. आरएफसी ११४९ वर हसताना हे ध्यानात ठेवायला हवं. ज्या वाहकाला तार लागत नाही, तो तार तुटल्यावरही चालतो.

‘४१८ मी किटली आहे’ ही काय भानगड आहे?

वेब सर्व्हर प्रत्येक मागणीला तीन आकडी उत्तर देतो. २०० म्हणजे घ्या, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे माझंच काहीतरी बिघडलं. ४१८ म्हणजे ‘मी किटली आहे’. चहाच्या किटलीकडे कॉफी मागितली तर तिने द्यायचं उत्तर. उत्तराचा मजकूर ‘बुटका आणि गुबगुबीत’ असू शकतो अशी पुस्तीही जोडली आहे; ते इंग्रजी बालगीतातल्या किटलीचं वर्णन आहे.

हा कोड आला १ एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२४ मधून. इंटरनेटवरून कॉफीचं यंत्र चालवायचा हा प्रोटोकॉल. पान मागायला ब्राउझर ‘गेट’ म्हणतो, तसं कॉफी उकळायला ‘ब्रू’ म्हणायचं. दूध, साखर, सरबत, मसाला, मद्य यातलं काय घालायचं ते मागणीच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात लिहायचं. दूध ओतताना पुरे झालं की ‘व्हेन’ हा आदेश पाठवायचा. कॉफीच्या पत्त्याची सुरुवात जगातल्या अनेक भाषांमध्ये करता येते आणि त्या यादीत हिंदीसाठी देवनागरीत लिहिलेली ‘कौफी’सुद्धा आहे. कॅफिन काढलेल्या कॉफीची सोय नाही. तिचा उपयोगच काय, असा सवाल लेखकाने केला आहे.

लेखक लॅरी मसिंटर हे एचटीटीपी १.१ या, ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्या संवादाच्या खऱ्या मानकाच्या लेखकांपैकी एक. त्या दिवसांत जो उठेल तो एचटीटीपीला आपापल्या सोयीची शेपटं जोडत होता. ही शेपटं कशी भलतीकडे जातात ते दाखवायला मसिंटर यांनी हा लेख लिहिला. सरळ टीका करणारं पत्र लिहिलं असतं तर ते आज कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

कॉफी आणि नेटवर्कचं नातं त्याआधीचं आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही जणांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, कारण दुसऱ्या मजल्यांवरून जिने चढून यावं तर भांडं रिकामं निघायचं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक एका परक्या खोलीतली कॉफी बघत बसले. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद झाला. ते जुनं यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घेणारं होतं ‘श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाचं ऑनलाइन दालन.

४१८ काढून टाकायचा प्रयत्न झाला होता, ते खरं का?

खरं आहे. पुष्कळ प्रोग्रॅमिंग भाषांनी आणि साधनांनी हौसेने ४१८ आपल्या यादीत घातला होता. गो भाषेत आहे, नोडमध्ये आहे, पायथॉनमध्येही ३.९ पासून आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये एचटीटीपी कार्यगटाचे अध्यक्ष मार्क नॉटिंगहॅम यांनी या प्रकल्पांना विनंती केली की हा काढा. त्यांचं म्हणणं रास्त होतं: ४१८ कधी एचटीटीपीचा भागच नव्हता, आणि तीन आकडी क्रमांक मोजकेच असताना एक क्रमांक थट्टेत अडकून पडतोय.

त्यावर १५ वर्षांच्या एका मुलाने ४१८ वाचवायची मोहीम काढली. या यंत्रांमागे माणसं आहेत याची आठवण हा कोड करून देतो, असा तिचा सूर होता. प्रोग्रॅमरांनी ती डोक्यावर घेतली, प्रकल्पांनी कोड ठेवला आणि पुढे जून २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या पक्क्या मानकात ४१८ ‘न वापरलेला’ म्हणून राखून ठेवला गेला. दुसऱ्या कशाला तो क्रमांक द्यायचा नाही. मला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो, कारण नॉटिंगहॅम यांची काळजीही मिटली आणि किटलीही राहिली.

मी माझ्या साइटवर ४१८ वापरू का?

शिकायला, खेळायला जरूर. चालत्या सेवेत नको. २८ मे २०१८ ला एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातून अनेकांना अचानक ४१८ येऊ लागला, विशेषतः प्रॉक्सीमागे (मधल्या सर्व्हरमागे) बसलेल्यांना. कामं खोळंबली आणि समोरचा संदेश सांगत होता की मी किटली आहे; त्यातून नेमकं काय बिघडलं ते कुणाला कळेना. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाची साइटही बाहेरच्या देशांतून उघडणाऱ्यांना ४१८ देत होती. परवानगी नाकारायची तर ४०३ द्या, मागण्या फार झाल्या तर ४२९.

आणि चहाचं काय?

हा प्रश्न इथे हमखास येतो! मूळ प्रोटोकॉलमध्ये चहाची सोय नव्हती. इमरान नझर यांनी १ एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७१६८ मध्ये ती उणीव भरून काढली. भांड्याकडे नुसता ‘चहा’ मागितला तर ते आधी विचारतं, कोणता? उदाहरणातल्या पर्यायांमध्ये आपला दार्जिलिंग आहे. शिवाय यात एक बारकावा आहे: कॉफी तात्पुरती नसेल तर भांड्याने ५०३ द्यावा, आणि कायमचीच नसेल, म्हणजे ते मुळात किटलीच असेल, तर ४१८. ‘आत्ता नाही’ आणि ‘कधीच नाही’ यांत फरक करणं हे चांगल्या सर्व्हरचं लक्षण आहे, आणि कित्येक खऱ्या वेबसाइटना ते अजून जमलेलं नाही.

‘ईव्हिल बिट’ काय आहे?

आरएफसी ३५१४, १ एप्रिल २००३, लेखक स्टीव्ह बेलोविन. आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये एक बिट कित्येक वर्षं रिकामा पडून आहे. बेलोविन सुचवतात: पॅकेटचा हेतू वाईट असेल तर पाठवणाऱ्याने हा बिट १ करावा, चांगला असेल तर ० ठेवावा. फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याने, १ दिसला की पॅकेट टाकून द्यावं. झालं, सुरक्षेचा प्रश्न सुटला. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याच दिवशी हा कोड घातला गेला आणि दुसऱ्या दिवशी काढलाही.

बेलोविन हे फायरवॉल या विषयातले जुने जाणकार. हल्लेखोर आपण होऊन ‘मी हल्लेखोर आहे’ असं सांगेल, या गृहीतावर किती योजना आखल्या जातात हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. आजही तेच चालू आहे. ‘ही फसवणूक नाही ना?’ असं विचारणारा चौकोन, ‘हा मजकूर यंत्राने लिहिला असेल तर तसं नमूद करा’ असा नियम, ‘मी १८ वर्षांचा आहे’ वर टिचकी. हे सगळे ईव्हिल बिटच आहेत. ओटीपी मागणारा भामटा फोनवर आपला बिट १ करून बोलत नसतो. सुरक्षेची कोणतीही नवी योजना समोर आली की मी आधी एवढंच बघतो: ही चोराच्या सचोटीवर तर अवलंबून नाही?

कंपन्या एक एप्रिलला ज्या थापा मारतात, त्यात आणि यात फरक काय?

कंपनीची थाप जाहिरात असते; बघून झालं की संपते. गूगलने कधी कधी ती छान केली आहे: २००२ मध्ये त्यांनी आपली शोधयादी कबुतरं लावतात असं जाहीर केलं होतं. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, तेव्हा १ जीबी जागा फुकट म्हणजे थापच असणार, असं लोकांना वाटलं. ती निघाली खरी. पण २०१६ मध्ये जीमेलच्या चालू पेटीतच एक गमतीचं बटण बसवलं. ते दाबून पाठवलेल्या पत्राला खाली नाचरं चित्र लागायचं आणि पुढची उत्तरं दिसायची बंद व्हायची. कामाच्या पत्रांना ते चुकून लागलं, तक्रारींचा पाऊस पडला आणि त्याच दिवशी ते काढावं लागलं.

आरएफसीची गंमत कागदावर राहते, कुणाचं काम अडवत नाही, आणि ती करणाऱ्याला विषय पुरता यावा लागतो. म्हणूनच पस्तीस वर्षांपूर्वीचा कबुतरांचा लेख आजही ताजा आहे.

नवख्या माणसाने वाचायला कुठून सुरुवात करावी?

आधी ११४९, कारण तो लहान आहे. मग २३२४. त्यानंतर रॉस कॅलन यांचा १९९६ चा १९२५, नेटवर्किंगची बारा सत्यं. पहिलं सत्य: ते चालायला हवं. दुसरं: कितीही जोर लावा, प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. अकरावं: प्रत्येक जुनी कल्पना नवं नाव घेऊन पुन्हा मांडली जाईल, मग ती चालो वा न चालो. हे शेवटचं वाचून कोणत्याही वर्षातल्या तंत्रज्ञानाच्या बातम्या उघडा.

थोडं मुरल्यावर २०१३ चा ६९१९ वाचा. मानकांमध्ये ‘केलंच पाहिजे’, ‘करावं’ असे शब्द काटेकोर अर्थाने वापरतात. या लेखात त्यांत नवी भर आहे, जसं की ‘केलंच पाहिजे, पण तुम्ही करणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे’. ज्याने कधी कुठलंही मानक अमलात आणलं आहे, त्याला हा शब्द किती गरजेचा होता ते लगेच पटेल.

सगळे आरएफसी फुकट आहेत. आरएफसी एडिटरच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की उघडतात, साध्या अक्षरांत, जुन्या फोनवरही.

मी लिहून पाठवू शकतो का?

कुणीही पाठवू शकतं. पदवी, कंपनी, देश, कशाची अट नाही. मसुदा थेट आरएफसी एडिटरकडे पाठवायचा, तोही एक एप्रिलच्या किमान दोन आठवडे आधी. मजकूर इंग्रजीत आणि आरएफसीच्या ठरलेल्या साच्यात हवा. साच्यात ‘सुरक्षेचा विचार’ हा विभाग सक्तीचा आहे आणि तो गाळून चालत नाही; जुने लेख बघितलेत तर सगळ्यात चांगले विनोद बरेचदा याच विभागात सापडतील. निवड कडक असते, कारण वर्षाला एक-दोनच छापले जातात. तांत्रिक तपशील आधी पक्के करा: पॅकेटची रचना, क्रमांक, चुकीच्या वेळी द्यायचं उत्तर. कल्पना कितीही भन्नाट असली तरी हेडरमधले बिट चुकीचे मोजले असतील तर मसुदा बाद होतो.